खंडेनवमीला पुजलेला गेम

सेलवर चालणारा, हातात धरून खेळायचा जुना गेम विकणारा माणूस खोटं बोलणार, हे धरूनच मी घराबाहेर पडते. ‘पोरांनी हातसुद्धा लावला नाही हो’ असं कोणी म्हणालं की मी आधी सेलचं झाकण उघडते. आत हिरवट-पांढरा थर दिसला, तर पोरांनी खरंच हात लावलेला नसतो, पण सेल काढायचे कष्टही कोणी घेतलेले नसतात. स्क्रूवर ओरखडे असतील तर आत कोणीतरी उचकपाचक केली आहे. ब्रिक गेम चालू करताना क्षणभर सगळा पडदा काळा होतो आणि त्यातले मेलेले चौकोन तेवढे पांढरे राहतात. तो क्षण मी कधी चुकवत नाही. नवरा म्हणतो, कांदेपोह्यांच्या वेळी तू माझ्याकडे अशीच बघत होतीस.

नव्वदच्या दशकात आमच्या नाशकात मेन रोडला हे गेम माळेसारखे टांगलेले असत. वरून विटा पडायच्या, आपण त्या फिरवून रांगेत बसवायच्या. घरोघरी तो असे, आणि घरातलं मोठं माणूसही ‘बघू जरा’ म्हणून घेई ते तासभर परत देत नसे. मग मोबाइल आले आणि हे सगळं ड्रॉवरमध्ये गेलं, तिथून भंगारात. तेव्हा मी ते गोळा करायला लागले. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात जुन्या नळांच्या आणि चार्जरच्या ढिगात एखादा सापडायचा. पडदा, झाकण, बटणं, खोकं, सगळं बघून किंमत ठरते. मूळ खोकं असेल तर मी विकणाऱ्यासमोर चेहरा अजिबात बदलू देत नाही. घरी आणल्यावर सेल काढायचे, मऊ कापडात गुंडाळायचं आणि कपाटात ठेवायचं. खेळायचं नाही, बटणांखालचं रबर झिजतं.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, मखमलाबादकडे त्याच्या ओळखीच्या एका फुलशेतकऱ्याकडे दोन पडद्यांचा घडीचा गेम आहे आणि त्यांना तो द्यायचा आहे. वरच्या पडद्यावर चित्र, खालच्या पडद्यावर त्याचेच विस्कटलेले तुकडे. वेळ संपायच्या आत जुळवायचे. मी असा गेम फक्त फोटोत बघितला होता. तो मला हवाच होता, इतका की जेवताना घास हातात राहायचा. सहकारी मात्र त्यात स्वतःचं काही मागत नव्हता, हे मला खटकलं.

मी कधी सांगून जात नाही. सांगितलं की लोक वस्तू पुसूनबिसून ठेवतात. मला ऑफिसला सुट्टी होती तो दिवस निघाला नेमका खंडेनवमीचा. त्या शेतकऱ्याच्या अंगणात दसऱ्याच्या झेंडूचे ढीग, टेम्पो उभा, घरातली सगळी माणसं क्रेट भरण्यात. पासष्टीच्या एका बाईंनी मला ओसरीवर बसवलं. समोर पाटावर खुरपी, कुदळ, फवारणीचा पंप ओळीने मांडले होते, आणि पंपाशेजारी, हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल ठेवलेला तो गेम.

मी हात पुढे केला. बाई म्हणाल्या, आज नाही. पुजलेल्या अवजाराला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत, दसरा झाल्यावर या.

इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला तेव्हाच कळलं. खेळण्याची कोणी पूजा करतं का? चालू करून दाखवायचा नाही म्हणून ही युक्ती असणार. किंवा गिऱ्हाईक येणार म्हणून भाव वाढवायला मांडलेला देखावा. मी न सांगता आले होते, हे खरं. पण सहकाऱ्याने फोन केला नसेल कशावरून? मी खाली वाकून नीट बघितलं. बिजागरीच्या फटीत जुनं, काळपट पडलेलं कुंकू बसलं होतं, थरावर थर. म्हणजे पूजा दरवर्षीची होती. तरी मी विचारलं, की हा गेम इथे कसा?

“ह्यांचं अवजार हाय ते,” बाई म्हणाल्या. “अर्धांग आलं तवा खुरपं धरता येत नव्हतं. हेच धरलं हातात.”

त्यांचा नवरा पूर्वी मालेगावला फुलं पोचवायचा. तिथे आखातातून परतलेल्या एकाने त्याला हा गेम दिला होता आणि तो फडताळात पडून होता. झटका आल्यावर उजवा हात गेला. डॉक्टरांनी बोटं हलवत राहा असं सांगितलं, तेव्हा त्याने हा काढला आणि वर्षभर तुकडे जुळवत बसला. आता तो त्याच हाताने माळा ओवतो.

ऐकून गलबलल्यासारखं झालं, आणि लगेच मी स्वतःला आवरलं. जुन्या वस्तूबरोबर अशी एखादी गोष्ट फुकट मिळतेच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बटणासारखे चपटे सेल घेऊन गेले. बाईंचे यजमान, काका, ओसरीवर बसले होते. गेम मी रुमालात धरला. झाकणाआत थर नव्हता, स्क्रू कोरे होते. उजव्या बटणावरचा रंग पार उडालेला, डाव्या बटणावरचा जसाच्या तसा. याने किंमत उतरते, आणि बाईंची गोष्ट खरी ठरते. दोन्ही एकदमच मनात आलं. मी आकडा सांगितला. काकांनी तो ऐकल्याचं दाखवलं नाही.

“खेळून दाखवा,” ते म्हणाले.

मला वाटलं, गेम चालतो हे मला दाखवायचं असेल. मी चालू केला. तुकडे सरकायला लागले आणि माझी बोटं कुठल्या कुठे जायला लागली. पहिलंच चित्र अर्धं राहिलं. परत केला, परत तेच. काका माझ्या हातांकडे बघत होते, मी सेलच्या झाकणाकडे बघते तसे. मग त्यांनी विचारलं, घरी असे किती आहेत? मी थोडं फुशारकीनेच सांगितलं. त्यातले किती चालू करता, असं त्यांनी विचारल्यावर मी रबर झिजतं म्हणाले.

“मग त्यांचा उपेग काय?” ते म्हणाले, आणि गेम स्वतःजवळ ठेवून घेतला. विचार करून कळवतो म्हणाले. बाईंनी दसऱ्याचा उरलेला झेंडू पिशवीभर दिला. दसरा झाला की त्याला कोणी विचारत नाही, हे मला माहीत होतं, तरी बसमध्ये मी त्या पिशवीचाही अर्थ लावत बसले.

कळवलं काहीच नाही. मी दिवाळीपर्यंत थांबले. पुण्याचा कोणी व्यापारी आधी पोचला असणार, आणि पत्ता सहकाऱ्यानेच दिला असणार, अशी माझी खात्री झाली. त्याच्याशी मी चहाला जाणं बंद केलं. शेवटी राहवेना म्हणून फोन लावला. बाईंनी उचलला. त्या म्हणाल्या, गेम गेला. कळवणच्या एका माणसाकडे. त्याचाही उजवा हात गेला आहे, आमचे हे स्वतः जाऊन त्याला शिकवून आले, दोन दिवस राहिले तिकडे.

मी विचारलं, “केवढ्याला दिला?”

पलीकडे बाई हसायला लागल्या. मग रिसीव्हर बाजूला धरून त्यांनी नवऱ्याला सांगितलं, ते मला स्वच्छ ऐकू आलं.

“तुम्ही म्हणला व्हता ना, ताई पहिलं हेच इचारतील.”