पुलाच्या वरचं पाणी

वर्गात तिला सगळे ‘नितळ’ म्हणत. पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गातले आम्ही बाकीचे गाळ आणि सांडपाणी ढवळत नाक मुठीत धरून बसायचो, आणि हिच्या बाटल्यांतलं पाणी असं, की खुशाल तोंड धुवावं. प्रबंधाचा विषय काय, तर कापड रंगवणाऱ्या कारखान्यांमुळे ओढ्याचं काय होतं. म्हणजे घाण सापडायलाच हवी होती. तीच नेमकी सापडत नव्हती.

“तुझ्या ओढ्याला दृष्ट लागेल हं,” असं आम्ही चिडवायचो. ती तोंडदेखलं हसायची. घरचं विचारलं, तर काका कापडाच्या धंद्यात आहेत एवढंच सांगायची.

प्रबंध तपासणाऱ्या मॅडम मात्र आमच्यासारख्या भोळ्या नव्हत्या. “आकडे इतके शहाण्यासारखे वागायला लागले की मला शंका येते,” त्या म्हणाल्या. “हा अहवाल नगरपालिकेकडे जाणार आहे. उद्या आपण सगळेच ओढ्यावर जाऊ.”

पुलाच्या वरच्या बाजूला ओढा स्वच्छ होता. पुलाखालून पुढे गेलो आणि पाणी जांभळं झालं. आम्ही एकमेकांकडे बघितलं, तिच्याकडे बघायचं टाळलं. ती बाटलीचं झाकण नुसतं उघडत-लावत उभी होती.

तेवढ्यात काठावरच्या पहिल्याच रंगाईच्या शेडमधून एक गृहस्थ बाहेर आले. हात कोपरापर्यंत जांभळे, चेहरा आनंदानं फुललेला.

“अगं, तू? आधी सांगायचंस तरी. काकूनं काहीतरी करून ठेवलं असतं.”

तिनं मान खाली घातली.

“तुम्ही ओळखता हिला?” मॅडमनी विचारलं.

तिनं मान वर केलीच नाही. मला तिचा असा राग आला, की बाटली हिसकावून घ्यावीशी वाटली. बापाच्या माघारी ज्यानं वाढवलं, फी भरली, तो माणूस समोर उभा होता, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं? त्याच्या शेडला टाळं लागेल या धास्तीनं तिची वाचा बसली होती, आणि त्याहून जास्त, त्या हातांची आमच्यासमोर वाटलेली लाज होती. हे तिनंच मला पुढे सांगितलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाटल्यांकडे, मग आमच्याकडे.

“नाही हो, बाई,” ते म्हणाले. “आमच्या पुतणीसारखी वाटली. वय झालं, डोळे फसतात.”

मग त्यांनीच तिच्या हातातली बाटली घेतली. “तुम्ही नका उतरू, निसरडं आहे,” म्हणत ते आपल्याच शेडच्या पाइपाच्या तोंडाशी गेले, बाटली काठोकाठ भरली आणि शर्टाच्या टोकानं पुसून तिच्या हातात दिली.

“मालकाचं नाव विचारून लिहून घे,” मॅडम म्हणाल्या.

तिचे कान लालबुंद झाले होते. “विचारायचं कशाला, मॅडम,” ती म्हणाली. “माझे काका आहेत. मी आजवर पुलाच्या वरचं पाणी आणत होते.”

मी जमिनीकडे बघत राहिलो. काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, आणि इतका वेळ ताठ उभा असलेला तो माणूस एकदम वाकल्यासारखा दिसला.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “हिला नापास नका करू. हे पाणी माझं आहे, हिचं नाही.”