शेवटची जागा भरलेली आहे

नानांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी रडत होते. सायकलवर रडणं अवघड असतं. डोळे पुसायला हात सोडावा लागतो आणि तेवढी मी तेव्हा तरबेज नव्हते. जळगावच्या सायकल क्लबात येऊन मला जेमतेम दोन रविवार झाले होते. त्या दिवशी धरणगावपर्यंत जाऊन यायचं होतं. चकचकीत हेल्मेटवाली सगळी मंडळी पहिल्या अर्ध्या तासातच दिसेनाशी झाली आणि कपाशीच्या शेतांमधल्या त्या रस्त्यावर कॉलेजची एक ग्रंथपाल, वय पंचेचाळीस, हुंदके देत पायडल मारत राहिली. इतक्यात मागून एक लांबलचक शिट्टी ऐकू आली.

वळून पाहिलं तर एक सडसडीत म्हातारे गृहस्थ. सायकल झकास शर्यतीची, वाकड्या हँडलची. पण तिला मागे कॅरिअर, कॅरिअरवर डबा आणि थर्मास, त्याखाली लाल दिवा आणि दिव्याखाली रेल्वेच्या शेवटच्या डब्याला असते तशी 'एल.व्ही.'ची पाटी.

"काब्र रडी ऱ्हायनात ताई?" त्यांनी विचारलं.

"मी सगळ्यात शेवटची आहे," मी म्हटलं.

"तुम्ही? नही हो. शेवटला मी शे. ती जागा भरलेली शे, तुम्हले नही भेटणार." एवढं बोलून त्यांनी पुन्हा शिट्टी फुंकली आणि मी मुकाट्याने पायडल मारू लागले.

नाना मूळचे धुळ्याकडचे. उभी नोकरी भुसावळला मालगाडीचे गार्ड म्हणून केली आणि निवृत्तीनंतर जळगावात घर बांधलं. ते निवृत्त झाल्यावर रेल्वेने गार्डांना ट्रेन मॅनेजर म्हणायला सुरुवात केली, ते त्यांना मुळीच रुचलं नव्हतं. "मॅनेजर बँकेत राहतो, एसीत. गार्ड मागं राहतो," म्हणायचे. आमच्याशी ते शुद्ध मराठी बोलायला सुरुवात करत, पण जीव गुंतला की अहिराणी आपोआप बाहेर यायची.

क्लबाची राइड त्यांच्या लेखी एक मालगाडीच होती. पुढे इंजिन, म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर. त्यांची सायकल एका बोटावर उचलता यायची आणि हे ते वारंवार उचलून दाखवत. मध्ये डबे, म्हणजे आम्ही. आणि शेवटी नाना. एक लांब शिट्टी म्हणजे निघा, दोन आखूड म्हणजे थांबा. बाकी शिट्ट्यांचे अर्थ त्यांचे त्यांनाच ठाऊक. शेवटच्या डब्याची पाटी दिसल्याशिवाय स्टेशन मास्तर गाडी पूर्ण आली असं मानत नाही, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की क्लबातली पोरं त्यांच्या आवाजात ते म्हणून दाखवायची. त्यांचा एकच नियम होता. पुढच्या कुणालाही ओलांडायचं नाही. पुढचा पंक्चर काढायला बसला की नाना थांबत, चहाला थांबला की तेही थांबत आणि त्याचा चहा संपेस्तोवर घड्याळाकडे बघत.

उन्हाळा सरला की युरोपातली ती तीन आठवड्यांची मोठी शर्यत टीव्हीवर लागायची. तिचं वेड क्लबात सगळ्यांनाच होतं, पण आमचं पहिल्या नंबराकडे लक्ष असायचं आणि नानांचं शेवटच्याकडे. त्या शर्यतीत घाटाच्या दिवशी ठरलेल्या वेळेत न पोचणाऱ्याला सरळ घरी पाठवतात, हे कळल्यापासून नानांची झोप उडाली होती. अंगाने आडवा, सपाटीवर सुसाट आणि घाट लागला की हाशहुश करणारा एक गडी त्यांनी हेरला होता. त्याचं नाव त्यांना उच्चारता यायचं नाही, म्हणून ते त्याला 'आपला माणूस' म्हणत. आपला माणूस वरती पोचेपर्यंत नाना जेवत नसत.

"तठे कोन्हा गोरा डोंगर चढी ऱ्हायना, आन् आठे मनी भाकरी थंडी व्हई ऱ्हायनी," काकू मला सांगत. काकू म्हणजे नानांच्या पत्नी. ठेंगण्या, ठणठणीत आणि नानांपेक्षा दुप्पट आवाजाच्या.

पण टीव्हीवाल्यांना आपल्या माणसाचं काय? पहिला आला, फुलं झाली, की कार्यक्रम संपला. एकदा असा कार्यक्रम तुटल्यावर नानांनी केबलवाल्याला फोन लावला. "गाडी अजून पूर्ण आली नाही आणि तुम्ही बंद कसं केलं?" त्या बिचाऱ्याने त्यांना रेल्वे चौकशीचा नंबर दिला. मी त्यांना म्हटलं, नाना, उद्या पेपरात येईलच की. तर म्हणाले, "पहिला कोण उना हाई पेपरवाला सांगी. शेवटला उना का नही, हाई कोण सांगी?" मग मीच मोबाइलवर निकालाची यादी तळापासून वर शोधत गेले आणि आपला माणूस वेळेत पोचल्याचं सांगितलं. नाना लगेच ताटावर बसले.

आमच्या क्लबात वर्षातून एकदा, थंडीत, दोनशे किलोमीटरची राइड असते. सकाळी सहाला जळगावहून सुटायचं, धुळ्याच्या थोडं पुढे जाऊन वळायचं आणि संध्याकाळी साडेसातच्या आत परत यायचं. वेळेत येणाऱ्याला मेडल मिळतं. नाना दरवर्षी भाग घ्यायचे आणि त्यांना मेडल कधीच मिळालं नव्हतं, कारण शेवटचा माणूस दरवर्षी उशिरा येई आणि नाना त्याच्या मागे. एका वर्षी तो शेवटचा माणूस मी होते. परतीला पारोळ्यात माझे पाय संपले. नाना एकटे निघाले असते तर आरामात पोचले असते. मी तसं म्हटलं तर ते दुखावले. "गाडी फेल झाली म्हणून गार्ड घरी जातो का?" शेवटी केळी उतरवून परत निघालेल्या एका रिकाम्या टेम्पोत आम्ही सायकली टाकल्या. ड्रायव्हर नानांना पुढे बसा म्हणत होता. नाना मागच्या फळीला टेकून, रस्त्याकडे तोंड करून बसले आणि जळगाव येईपर्यंत त्यांनी प्रत्येक फाट्यावर शिट्टी वाजवली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला घरी बोलावलं. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी भीत भीत गेले. त्यांनी चहा दिला आणि मला शोकेसपुढे उभं केलं. एका बाजूला लेकीच्या लग्नाचा फोटो, दुसऱ्या बाजूला निवृत्तीला मिळालेलं पितळी इंजिन आणि मध्ये क्रोशाच्या विणलेल्या चौकोनावर काहीच नाही.

"आठे मेडल येणार शे," काकू म्हणाल्या. ती रिकामी जागा त्या दर रविवारी पुसत. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "नवी गाडी सुरू होते ना ताई, तव्हय हार इंजिनाले, नारळ इंजिनाम्होरे, फोटो डायवरना. मांगल्या डब्याले कोणी कुंकूबी लावं नही. त्यासनं आजवर कोणी काही कौतुक करं नही." पदराने काच पुसत त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही येळवर उन्यात तं तुमना नानाबी येळवर येतीन."

झालं. काकूंनी ते मेडल माझ्या पायांवर सोपवलं होतं. मी वर्षभर पहाटे उठून सायकल हाणली. नवरा म्हणायचा, परीक्षेला एवढा अभ्यास केला असतास तर प्राचार्य झाली असतीस.

पुढच्या थंडीत सहाला निघालो. डॉक्टर पहिल्याच वळणावर गुप्त झाले. मी शेवटून पहिली आणि माझ्या मागे नाना. धुळ्याला वेळेआधी पोचलो. परतीला वारा समोरून होता, तरी पारोळा मागे पडलं, एरंडोल गेलं. सूर्य मावळला तेव्हा आमच्याकडे वेळ शिल्लक होता आणि मी मनातल्या मनात शोकेसमध्ये मेडल ठेवूनसुद्धा पाहिलं. पाळधीच्या अलीकडे एक म्हातारेबुवा साध्या सायकलवर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भलामोठा भारा लादून चालले होते. मी त्यांना ओलांडून पुढे गेले. थोड्या वेळाने लक्षात आलं की शिट्टी ऐकू येत नाही. वळून पाहिलं तर नाना त्या भाऱ्याच्या मागे, त्याच्याच चालीने, संथ येत होते. मी परत गेले.

"नाना, पुढं व्हा. हे आपल्या राइडमधले नाहीत."

"मांगे दिवा नही त्यासले," नाना म्हणाले. "एवढे ट्रक जाई ऱ्हायनात. बिनदिव्याचा डबा मेन लाइनवर सोडी देऊ?"

"मी रोज असाच जास भाऊ," म्हातारेबुवा हसत म्हणाले.

"रोज मी मांगे नव्हतू."

तिथे वाद घालून उपयोग नव्हता. मी माझ्या सायकलचा लाल दिवा काढला आणि भाऱ्यात घट्ट खोचला. नाना उतरले, लांब मागे चालत गेले, दिवा दिसतो का ते वाकून पाहिलं, परत आले आणि एक लांब शिट्टी दिली. म्हातारेबुवा लुकलुकत निघाले आणि नानांनी त्यांना ओलांडलं. माझ्या सायकलला आता दिवा नव्हता, पण माझ्या मागे नाना होते. मला जराही भीती वाटली नाही.

जळगावच्या चौकात, राइड संपायच्या रेषेशी पोचले तेव्हा साडेसातला काही मिनिटं होती. मी रेषा ओलांडली आणि वळले. नाना रेषेच्या वीतभर अलीकडे पाय टेकून उभे होते.

"बठ्ठे उनात का?" त्यांनी घड्याळवाल्या पोराला विचारलं.

पोरगं प्रामाणिक निघालं. "डॉक्टर राहिलेत नाना. पारोळ्याच्या ढाब्यावर शेवभाजी खाऊन खाटेवर टेकले, तो डोळाच लागला. आत्ता निघालेत, फोन आला होता."

नानांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी इंजिनले ओव्हरटेक करं?" ते पुटपुटले आणि सायकल वळवू लागले. आम्ही सगळे ओरडलो, विनवण्या केल्या. पोरगं घड्याळाकडे आणि नानांकडे आळीपाळीने बघत राहिलं. नाना मान हलवत होते.

काकू एका प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल पांघरून बसल्या होत्या. त्या उठल्या, गर्दीतून वाट काढत नानांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि कॅरिअरला दोन्ही हात लावले.

"बठ्ठा जनम मांगे उभे ऱ्हायनात," त्या म्हणाल्या. "आज मांगे मी शे. चाला."

आणि त्यांनी ढकललं. नाना इतके चकित झाले की ब्रेक दाबायचे विसरले. सायकल रेषेपलीकडे गेली आणि पोराने वेळ नोंदवली. काकू मात्र अलीकडेच थांबल्या. नानांचा लाल दिवा हातात घेऊन, डॉक्टर केस विस्कटलेल्या अवस्थेत येईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. पलीकडून नाना त्यांना दिवा कसा धरायचा ते सारखं सांगत होते.

चारच दिवसांनी नाना पाळधीला सायकलने जाऊन माझा दिवा घेऊन आले, सोबत म्हातारेबुवांनी दिलेली भरताची वांगी. मेडल शोकेसमध्ये त्या क्रोशाच्या चौकोनावर बसलं. काकूंनी त्याला कुंकू लावलं.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. दुपारी वामकुक्षीला आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला ते अजून नीट पटलेलं नाही. रविवारी राइडला निघाले की माझी मान अजून मागे वळते. नाना गेले त्या दिवशी क्लबातले सगळे जण सायकली घेऊन आले होते. नानांना उचललं तेव्हा नानांच्या पुढे कसं जायचं आणि मागे कुणी राहायचं, हे कुणालाच कळेना. सगळेच घुटमळलो. काकू दारापर्यंत आल्या. रडून त्यांचा तो मोठा आवाज बसला होता. त्यांनी एकदा नानांच्या पायांना हात लावला.

"चाला तुम्ही," त्या म्हणाल्या. "मांगे मी शे."

मग आम्ही निघालो. कोपऱ्यावर मी वळून पाहिलं. काकू अजून दारातच उभ्या होत्या आणि शेवटची जागा भरलेली होती.