पाठीवरचा भोपळा
तरणतलावावर ओल्या लाइफ जॅकेटचा वास आला की मला अंदमानचा तो किनारा आठवतो. सहलीत जंगलातली पायपीट होती, होडी वल्हवणं होतं आणि शेवटच्या दिवशी समुद्रात पोहत मासे पाहायचे होते. तेव्हा आईला छत्रीखाली बसवायचं, हे मी नाशिकहून निघतानाच ठरवून टाकलेलं. पण गाइड जॅकेटं वाटू लागला तसं तिनंही एक मागून घेतलं, दाबून पाहिलं आणि हसली. "आमच्या सायखेड्याला नदीत, आमच्या गंगेत, पोहायला पाठीला वाळलेला भोपळा बांधायचे. त्यापेक्षा हे लय हलकं हाय." माझी ट्रॅकपँट घातलेल्या आईनं सवयीनं पाणी डोळ्यांना लावलं आणि सपसप हात मारत अशी लांब गेली, की गाइडला शिट्टी वाजवावी लागली. मी गुडघाभर पाण्यात, आधाराला बांधलेला दोर घट्ट धरून उभी. ती परतली, दम खात म्हणाली, "लग्नानंतर एकदा पण पोहले नाय." "मग कधी सांगितलं का नाहीस?" "कोणी इचारलंच नाय गं." मग माझा हात धरून तिनं मला निळ्या माशांपर्यंत नेलं. आता दर रविवारी तलावावर निघताना मी विचारते, "आई, येतेस?" ती पिशवी घेऊन दारात उभीच असते, तरी मी विचारते.