गादीखाली हात

गोंदियातल्या एका दुकानदाराने मला फसवले. बसून जखमा होऊ नयेत म्हणून व्हीलचेअरवर घालतात ती खास गादी सांगून त्याने मला सोफ्याचा स्पंज विकला. मी धानाचा व्यापारी, घासाघीस करून भाव पाडला. तो हसत म्हणाला, "सेठ, आप जीत गए." मग गादी बांधून आणतो म्हणून आत गेला आणि कव्हर तेच ठेवून आतला माल बदलून आला. भाव पाडणे हा माझा धंदा आहे. माल बदलणे हा गुन्हा आहे.

पोत्यांच्या थप्पीवरून पडून माझा कणा मोडला, तेव्हापासून कमरेखाली मला काही जाणवत नाही. त्या गादीवर भरवसा ठेवून मी दिवसदिवस ताठ बसू लागलो. महाशिवरात्रीला बायकोबरोबर आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या यात्रेला गेलो तोही ताठच. डोंगर चढणे शक्य नव्हते. पायथ्याच्या देवळासमोर बसून महादेवाला मनात सुनावत होतो, की पाय तू नेलेस, आता मान वाकवायला सांगू नकोस.

तेवढ्यात हाताने चालवायची तीनचाकी घेऊन एक माणूस शेजारी थांबला. त्याचेही पाय लुळे होते.

"काऊन भाऊ, तुम्ही हलून काऊन नाही राहिले? तुम्हीच महादेव आहा काय?"

"तुले काय करा लागते?" मी म्हणालो.

त्याने सरळ माझ्या गादीखाली हात सरकवला. "गादी पार दबली, हाड हाताले लागून राहिलं," तो म्हणाला आणि माझ्या बायकोकडे वळला. "वहिनी, आडोशाले नेऊन पाहा बरं यायले."

बायकोने एका राहुटीमागे नेऊन पाहिले. बसायच्या हाडावर जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. मला पत्ता नव्हता. हाडापर्यंत गेली असती तर जिवावर बेतले असते, असे डॉक्टर नंतर म्हणाले.

आम्ही परतलो तेव्हा तो तिथेच होता. "आता घरी जाऊन पालथं पडून राहा," तो म्हणाला. "जखम भरली का मंग चांगली गादी घ्या. तरी एक ध्यानात ठेवा, देवाची घंटा वाजली का मांडीवर छाती टेकेपर्यंत वाकाचं. हाडावरचा भार उतरते."

"मी कोनापुढं वाकत नाही."

"मंग सडा," तो शांतपणे म्हणाला.

देवळातली घंटा वाजली. बायकोने माझे खांदे धरले आणि मी वाकलो. रडलो की नाही, ते सांगणार नाही. उठलो तेव्हा गर्दीत त्याची तीनचाकी दिसली नाही. तो कोण होता, यावर मी वाद घालत नाही.

पालथा पडून जखम भरली. आता खरी गादी आहे, तरी बायको कामातून येता-जाता देवघरातली घंटा वाजवते, "वाका जी," म्हणते आणि मी वाकतो. ज्या मानेचा मला एवढा ताठा होता, तीच वाकवून देवाने मला वाचवले. त्याच्यापुढे माझी तक्रार उरली नाही.

दुकानदारापुढे आहे. तुझी गादी मी फेकलेली नाही, तिच्यावरचा जखमेचा डागही धुऊ दिलेला नाही. ये. मी तिच्यावर बसतो, तू खाली हात घाल आणि हाताला काय लागते ते माझ्या बायकोसमोर सांग.