आधीच मानलेले आभार

अल्विनचा हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी वाडीत केळीला पाणी सोडत होतो. तो म्हणाला, "पप्पा, आई गेली." मी म्हटलं, "बरं, येतो." मोटर बंद केली, पायांचा चिखल धुतला, सदरा बदलला आणि निघालो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला काही वाटलंच नाही. वाटायचं ते वाटतं, पण मोटर कुणाला तरी बंद करायलाच लागते. कार्मेलीन, माझी बायको, तिला जाऊन आता महिना उलटला. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. लिहिण्यातल्या चुका छापणाऱ्यांनी काढाव्यात, पण मजकुरात गोड काही घालू नये. तिलाही ते चाललं नसतं.

तिची प्रार्थना आमच्या गावात सगळ्यांना माहीत होती, कारण तिचा आवाज मोठा. संध्याकाळी दिवे लागले की पुढच्या खोलीची खिडकी उघडायची, गुडघे टेकायचे आणि रोझरी, म्हणजे आमची माळेवरची प्रार्थना, सुरू. खिडकी कशाला, असं मी विचारलं तर म्हणायची, "उकडतं." देवाला ऐकू जावं म्हणून ती खिडकी उघडते असं माझं मत होतं. आमचा एकुलता एक अल्विन अंधेरीच्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करायचा. ते ऑफिस बंद झालं आणि तो घरी बसला. बत्तिशीतला गडी, लग्न ठरत आलेलं ते थांबलं. रोज मोबाइलवर अर्ज टाकायचा, इंटरव्ह्यूला इस्त्री करून जायचा, आणि 'कळवतो' ऐकून परत यायचा. मी म्हणायचो, वाडीत उतर. तो म्हणायचा, "वाडीत तुमचंच भागत नाही, पप्पा." खोटं नव्हतं ते.

मग एका रविवारी आम्ही तिघं चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, गेलो. मिस्सा सुरू व्हायच्या आधी ती कुणाकुणासाठी आहे ते वाचून दाखवतात. कुणी वारलेलं असतं, कुणाचा वाढदिवस असतो. त्यात एकदम वाचलं गेलं, "अल्विनला नोकरी मिळाल्याबद्दल उपकारस्मरण, आई कार्मेलीन आणि कुटुंबीयांकडून." अल्विननं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ती सरळ समोर बघत होती. बाहेर पडलो तर बायकांनी घेरलं. "काय गो कार्मेलीन, पेढे कुठं लपवलेस?" "कुठं लागला? पगार चांगला ना?" ती सगळ्यांना हसून म्हणत होती, "देवाची कृपा, बाय." वाटेत अल्विननं विचारलं, "आई, कसली नोकरी?"

"मिळणार आहे ती."

"मग मिळाली असं का वाचायला लावलंस?"

"फादर प्रवचनात काय म्हणाले? मागताना मिळालंच असं धरून मागा. भरवसा ठेवायचा तर अर्धामुर्धा ठेवायचा नाही."

मी म्हटलं, "अगं, गाय व्यायली नाही आणि तू खरवस वाटून मोकळी!" त्यावर ती हसली. अल्विन हसला नाही.

इथवर गंमत होती. त्याच आठवड्यात बस्त्याव आला. बस्त्याव हा कार्मेलीनचा मावसभाऊ, वसई पूर्वेला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथं हिशेबाची जागा निघणार होती आणि तो अल्विनचं नाव घालणार होता. ही गोष्ट त्यानं फक्त माझ्याजवळ काढली होती. आला तो हातात केक घेऊन. अल्विनची पाठ थोपटून म्हणाला, "बरं झालं बाबा. आमची जागा निघाली, पण तुझं झालंय म्हटल्यावर मी पाचूबंदरच्या एका पोराचं नाव दिलं. कालच रुजू झाला तो." बस्त्यावला वाटलं आम्ही आनंदानं गप्प झालो... मग मी त्याला खरं सांगितलं. तो केकाच्या खोक्याकडे बघत राहिला. कार्मेलीन आत गेली, सुरी घेऊन आली, केक कापला आणि सगळ्यांच्या हातात एकेक तुकडा दिला. म्हणाली, "खा. त्या पोराचीही आई असेलच ना."

अल्विननं तुकडा बशीत ठेवला आणि बाहेर गेला.

त्यानंतर तो रोझरीला बसेनासा झाला. तिनं खिडकी उघडली की याची स्कूटर सुरू. तीही हट्टी. रोझरीच्या शेवटी ती रोज म्हणायची, "अल्विनच्या नोकरीबद्दल, देवा, तुझे आभार." तो अंगणात किक मारत असायचा, त्याला ते ऐकू जायचंच. मी एकदा विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाली, "वाटतं. पण मानलेले आभार परत घ्यायचे कसे ते मला माहीत नाही." मला न सांगता ती बस्त्यावकडेही जाऊन आली होती. गेलेली जागा काही परत येत नाही. ती येऊन गेल्याचं मला नंतर बस्त्यावनंच सांगितलं.

मग तिची किडनी गेली. एक दिवसाआड हॉस्पिटलला न्यायचं, तासन्‌तास बसायचं, परत आणायचं. हे सगळं अल्विननं केलं. एकदा तो तिला पेज भरवत होता तेव्हा ती म्हणाली, "नोकरी असती तर एवढी रजा कुणी दिली असती रे तुला?"

अल्विन म्हणाला, "म्हणजे याचेही आभार मानायचे?"

"मी मानलेत."

त्यानं चमचा पुढं केला. मला तिचं हे म्हणणं तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. पोराला नोकरी असती आणि तिला नेण्याआणण्याचं मी केलं असतं, तरी चाललं असतं.

तिच्या महिन्याची मिस्सा झाली, पाहुणे गेले, घरात आम्ही दोघंच. संध्याकाळी मी खिडकी उघडली. खरंच उकडतं त्या खोलीत. अल्विन स्कूटरची चावी घेऊन दाराशी उभा होता. थोडा वेळ उभा राहिला, मग आत येऊन माझ्या शेजारी गुडघ्यावर बसला. रोझरी मी कधी चालवलेली नाही. मध्येच अडलो, त्यानं पुढचं सांगितलं. शेवटी ती आभार मानायची ती जागा आली. न मिळालेल्या गोष्टीचे आभार माझ्या तोंडून निघायचे नाहीत. मला कमी ऐकू येतं म्हणून माझा आवाजही मोठा. मी म्हटलं, "देवा, या पोराला नोकरी दे. मिळाली की आभार मानीन, आधी नाही."

अल्विन म्हणाला, "पप्पा, हळू बोला. खिडकी उघडी आहे."

"असू दे. अजून मिळालेली नाही, हे या खेपेला गावाला नीट कळू दे. कुणाला ठाऊक असेल एखादी जागा तर येऊन सांगेल."

तो हसला. ती गेल्यापासून या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं. आता रोज तो बसतो, मी तेच मागतो, आणि खिडकी उघडीच असते.