चारही चाकांचा जोर

"गाडी कशी आहे, नाना?" असं विचारायची सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत कुणाची छाती नव्हती. विचारलं की नाना त्याला तिथंच जमिनीवर आडवं करून जीपच्या पोटाखाली डोकं घालायला लावत. मी शेजारच्या घरातली नवी सून, म्हणून मला उकिडवं बसून बघायची सवलत मिळाली.

"हा मधला डबा बघ, सूनबाई. इंजिनाचा जोर इथून दोन वाटांनी जातो. बाकीच्या गाड्यांना मागची चाकं ढकलतात. हिला पुढची ओढतात पण."

लष्कराच्या लिलावातली ती जीप नानांनी स्प्रिंगांचे पाटे बदलून, मागं दोन लांब बाकडी ठोकून उभी केली होती. ना ट्रक, ना मोटार, मधल्याच मापाची. रोज मागावरचं कापड भरून ते पलसाण्याच्या रंगाईच्या मिलमध्ये पोचवत. पण पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा त्या डांबरी रस्त्यावर त्यांनी कधी ओढला नाही. "तो गावासाठी," म्हणत. खानदेशातलं त्यांचं गाव नदीपलीकडं होतं आणि पावसाळ्यात तुटायचं. तिथं म्हातारी माय होती, धाकटा भाऊ भिका होता. त्यांना कधीही गाठता यावं म्हणून तर ही गाडी. "रस्ता असला तर काय, कुणीबी जातं," हे त्यांचं नेहमीचं बोलणं.

सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा आख्खी गल्ली पळाली. स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. नानांनी त्यांच्या बायकोला, म्हणजे नानीला, दोन मुलग्यांना आणि शेजारच्या आम्हा नवराबायकोला जीपमध्ये घातलं. "गावात चला. भिका आहे," म्हणाले.

मोठ्या रस्त्यावर सुरतेच्या गाड्या अडवतात असं कळलं, म्हणून ते शेताशेतांतून निघाले. नदीला पाणी होतं. नानांनी खाली उतरून पंख्याचा पट्टा काढला. पंख्यानं उडवलेलं पाणी इंजिनावर पडलं तर गाडी मधेच बंद पडली असती. मग पुढच्या चाकांचा दांडा आणि जोर वाढवणारा दुसरा, असे दोन्ही दांडे ओढून त्यांनी जीप हळूच पाण्यात घातली. पाणी पायांशी आलं, वाळूत मागची चाकं फिरू लागली, आणि तेवढ्यात पुढच्या चाकांनी पकड घेतली. पलीकडच्या काठावर चढताना नाना लहान मुलासारखे हसत होते. तसं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

वेशीवर आडव्या बैलगाड्या लावलेल्या होत्या. पुढं काठ्या घेतलेली माणसं, आणि त्यांच्यात भिका.

"दादा, गावमा नको येऊ," तो गावाकडच्या अहिराणीत म्हणाला.

"मी तुना भाऊ शे, भिका."

"आमले लेकरं शेत, दादा." भिकानं मागच्या घरांकडं हात केला.

"आणि ह्या गाडीत काय दगड शेत?" नाना ओरडले. "माय कोठे शे?"

माय बैलगाड्यांच्या मागंच उभी होती. तिनं नानांकडं पाहिलं आणि पदर नाकातोंडावर घट्ट धरला. एका पावलानं का होईना, ती मागं सरली. नानांनी ते पाहिलं. मग त्यांनी गाडी वळवली.

माळावरच्या एका पडक्या देवळात आम्ही साथ ओसरेपर्यंत राहिलो. आजारी कुणीच पडलं नाही. परतल्यावर नानांनी जीप भंगारात घातली आणि रिक्षा घेतली. गल्लीतल्या कुणी हळहळ दाखवली की म्हणत, "तिचा दोष नव्हता. ती पोचली होती."

माय गेल्याचा निरोप आला तेव्हाही ते गेले नाहीत. घरात अहिराणी बोलणं त्यांनी हळूहळू टाकलं. नानी त्यांच्याशी अहिराणीत बोलायची आणि ते गुजरातीत उत्तर द्यायचे. तिला ते फार लागायचं. एकदा माझ्याजवळ रडली. "ह्यांनी गावाबरोबर मलाही सोडलं गं," म्हणाली.

काही वर्षांनी भिका मुलीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन आला. मी नानीकडं बसले होते. उंबऱ्याशीच त्यानं नानांचे पाय धरले आणि विचारलं, "दादा, बरा शे ना?"

नानांनी त्याला खांद्याला धरून उठवलं, खुर्ची पुढं केली. आवाजात राग नव्हता. रिक्षातल्या कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोलावं तसं ते हसून गुजरातीत म्हणाले, "मजामां छुं. तमे?"