हिकींच्या वहीतल्या कापलेल्या पट्ट्या

अमेरिकेत, श्रूजबरी गावात, माझ्या मुलीच्या शेजारी डेस्मंड हिकी राहतो. वय चौपन्न, शाळेची बस चालवतो, घरात एकटाच. हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ तो न सांगता काढतो आणि वर मलाच ओरडतो, "टीचर, सपाता घालून बाहेर येऊ नका. घसरलात तर बस घेऊन यावं लागेल मला!"

मी इतिहास शिकवायचे हे कळल्यापासून तो हिकी घराण्याची वही घेऊन येऊ लागला. हिकी मूळचे वैद्य. आयर्लंडमधल्या ओब्रायन राजांच्या पदरी पिढ्यान्‌पिढ्या वैद्यकी करणारे. एक हिकी चित्रकार मद्रासपर्यंत पोचला होता. कलकत्त्यात आपल्या देशातलं पहिलं छापील वर्तमानपत्र काढणारा हिकी मी त्याला सांगितला, तेव्हा त्याने आनंदाने टेबलावर मूठ आपटली आणि लगेच बोटं चोळत बसला. पेरं त्याची कायम दुखायची.

वही छापायची ठरली. आमच्या कुलवृत्तांताच्या कामात मी तीन वर्षं होते. तिथे आजार लिहायचे नाहीत असा दंडकच होता. पुढे मुलामुलींची लग्नं जमवायची असतात. मी डेस्मंडलाही तेच सांगितलं. "पराक्रम लिही. दुखणी काढून टाक." त्याने आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखं त्या ओळींच्या पट्ट्या कात्रीने कापून काढल्या. मला त्या टाकवेनात. पाकिटात ठेवून दिल्या.

माझी मुलगी दीपा रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. फेब्रुवारीत एकदा ती म्हणाली, "आई, डेस्मंड फ्लोरिडाला जाऊन आला का गं? केवढा टॅन झालाय!"

"कुठला जातोय? दोन महिने बर्फच उपसतोय बिचारा."

दीपा उठून खिडकीशी गेली. मग तिने विचारलं, त्याचे वडील कशाने गेले. मी पाकीट आणलं. पट्ट्या एकाखाली एक लावल्या.

आजोबा: मधुमेह, वय अठ्ठावन्न. वडील: यकृत, सत्तावन्न, दारूला कधी शिवले नाहीत. काका: हृदय, पंचावन्न, बारा महिने उन्हात रापल्यासारखा देखणा.

शेवटची ओळ दीपाने दोनदा वाचली. "शरीरात लोह साठत जातं, आई. कातडी अशी रापते, सांधे दुखतात, मधुमेह होतो, यकृत आणि हृदय बिघडतं. घराण्यात चालत येतं हे, आयरिश लोकांत जास्तच. लवकर कळलं तर अधूनमधून रक्त काढतात, बस. उशिरा कळलं तर..." तिने पट्ट्यांवरच्या वयांवर बोट ठेवलं.

खिडकीतून डेस्मंड दिसत होता. फावड्यावर रेलून दम खात उभा. पांढऱ्या बर्फात त्याचा तांब्यासारखा चेहरा.

त्याला सांगितलं तर हसला. "वैद्याच्या वंशजाला डॉक्टरकडे धाडता?" पण गेला. सोमवारी तपासणीला रक्त दिलं. बुधवारी दुपारी दवाखान्यातून फोन आला: आजच या, सोबत कुणाला तरी आणा. बाकी काही सांगितलं नाही.

दीपा गाडी काढायला गेली. डेस्मंडने खिशातून नवी लिहिलेली एक पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. स्वतःचं नाव, जन्मसाल, रेघ. रेघेपुढे कोरं.

"ही वहीतून काढायला सांगू नका, टीचर."

मी ती पट्टी बाकीच्या तिन्हींबरोबर पाकिटात घातली, डॉक्टरांना दाखवायला, आणि त्याच्या शेजारी गाडीत बसले. गुडघ्यावर ठेवलेला त्याचा हात मी पाहत होते. भर थंडीत उन्हात रापल्यासारखा.